बुगडी, ऐरण आणि कौसल्या

जयश्री गडकर यांच्या कलेबद्दल लिहायचा माझा अधिकार काय, असा प्रश्न कुणी विचारला तर मी नम्रपणे सांगेन, की महाराष्ट्रातल्या कुठल्याही समीक्षकाने त्यांना ज्या बाजूने पाहिलेलं नाही त्या बाजूने मी पाहिलेलं आहे. म्हणजे पडद्याच्या मागच्या बाजूने. जत्रेतल्या तंबूत पडद्यापुढे बसायला जे पैसे पडत त्याच्या निम्म्यात मागे बसता येई, आणि आमचे आप्पा निम्म्या पैशात होणारं काम पूर्ण पैशात करणारे नव्हते. मागून चित्र उलटं दिसतं. त्यामुळे माझ्या लेखी जयश्रीबाई कित्येक वर्षं डावखुऱ्या होत्या. पदरही भलत्याच खांद्यावर. घरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "तमाशाचीच ती. तिला पदराचं काय कळतंय?" एका अभिनेत्रीवर ऐकलेली ही माझी पहिली टीका. ती संपूर्ण चूक होती आणि तिच्यात आप्पांच्या काटकसरीचा वाटा होता. पुढे बऱ्याच नामवंतांच्या टीका वाचल्या. त्यांतल्या काही अशाच निम्म्या तिकिटात लिहिलेल्या वाटल्या.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात, पाटोद्याकडे. दगड, ज्वारी आणि दुष्काळ ही तीन पिकं हमखास. पुण्याच्या 'विजयानंद'ला १९५९ साली लागलेला 'सांगत्ये ऐका' तिथे १३० आठवड्यांहून अधिक चालला. मग दमून भागून, रिळांवर पावसाच्या रेघा घेऊन, पाच-सात वर्षांनी तो आमच्या जत्रेत पोचला. येण्याआधी बैलगाडीवर भोंगा बांधून माणूस फिरला. भोंग्यावर आशाबाईंचं ते बुगडीचं गाणं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तीन दिवसांत गावातल्या शेळ्यांनासुद्धा ते पाठ झालं असावं.

आजीचा हुकूम सुटला, की घरातल्या बायका-पोरींनी तिकडे फिरकायचं नाही. तमाशाचा पिक्चर आहे. आप्पा पोराला सांभाळायला म्हणून जातील. ते पोरगं मी. मला एरवी शेतात, विहिरीवर, वळूपुढे एकटं सोडत. सिनेमाला मात्र सोबत लागते हे त्या दिवशी सगळ्यांना एकदम पटलं.

माझी थोरली आक्का तेव्हा बारा-तेरा वर्षांची. मी परतल्यावर तिने मला गोठ्यामागे नेलं आणि म्हणाली, "करून दाखव." आता मी, आठ-नऊ वर्षांचा, नाकात शेंबूड, चड्डीला करगोट्याचा आधार, जयश्री गडकर काय करून दाखवणार! तरी केलं. एक हात कमरेवर, एक कानावर, आणि मान अशी हलवली की दुसऱ्या दिवशी ती शेकावी लागली. आक्काने दोन कडवी सहन केलं. मग म्हणाली, "आसं नसंल. तिथं ढोलकी थांबती, मग ती बी थांबत आसंल." आणि तिने करून दाखवलं. सिनेमा न बघता, नुसता भोंगा ऐकून, तिने मनातल्या मनात ते गाणं बसवलं होतं. मी प्रत्यक्ष बघून आलेला साक्षीदार, पण ते बघितल्यावर माझी साक्ष मलाच खोटी वाटायला लागली.

ढोलकी थांबते तिथे बाई थांबते हे त्या पोरीला कळलं होतं. जयश्रीबाईंच्या साऱ्या कारकिर्दीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते जवळजवळ एवढंच. पण संपादकाला ते एवढ्यात चालणार नाही, म्हणून विस्तार करतो.

परदेशात नाचणारणीची नटी होते तेव्हा तिचा मोठा डांगोरा पिटतात. लेस्ली कॅरन पॅरिसच्या बॅलेत नाचत होती. तिला जीन केलीने हेरलं आणि १९५१ साली 'अॅन अमेरिकन इन पॅरिस'मध्ये एकदम नायिका केलं. ऑड्री हेपबर्न बॅलेच शिकत होती. मुख्य नर्तकी होणं तुला जमणार नाही असं तिला सांगण्यात आलं, म्हणून ती लंडनच्या संगीतिकांत मागच्या रांगेत नाचू लागली, आणि तिथून सिनेमात गेली. नाच जमला नाही म्हणून कुणी ऑड्री हेपबर्न होत असेल तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना अजून आशा आहे.

आपल्याकडे बॅले वगैरे नाव नव्हतं, पण मागची रांग होती. १९४२ साली कारवारच्या बाजूला जन्मलेली, कोकणी बोलणाऱ्या घरातली ही मुलगी. ती शांताराम बापूंच्या 'झनक झनक पायल बाजे'त, म्हणजे १९५५ साली, समूहनृत्यात उभी होती. पुढे नायिका संध्या. गंमत अशी, की संध्याबाई मुळात नर्तकी नव्हेत. त्या चित्रपटासाठी गोपीकृष्णांकडे घाम गाळून नाच शिकल्या, आणि शिकल्या त्या अशा की लोक त्यांना आयुष्यभर नर्तकीच समजत राहिले. म्हणजे एकाच पडद्यावर पुढे नाचायला शिकणारी नटी आणि मागे नटी व्हायला निघालेली नर्तकी. पुढच्या वर्षी दिनकर द. पाटलांच्या 'दिसतं तसं नसतं'मध्ये तिच्या वाट्याला एक नाच आला. चित्रपटाचं नाव तिच्या भविष्याला इतकं लागू पडलं की ज्योतिषानेही लाजावं.

मागच्या रांगेत नाचण्याचं एक शिक्षण असतं, ते पुढे नाचणाऱ्याला मिळत नाही. पुढचीचा पाय एखाद्या वेळी उशिरा पडला तर ती अदा ठरते. मागचीचा पडला तर दिग्दर्शक 'कट' म्हणून ओरडतो. शेजारणीचा हात जितका वर तितकाच आपला. डोळ्यांत भरायचं नाही, पण आपण नसलो तर रांगेत भोक दिसलं पाहिजे. जयश्रीबाईंचा अभिनय पाहताना मला हे शिक्षण सारखं दिसतं. समोरचा नट बोलत असताना त्या काय करतात ते बघा. काही करत नाहीत. ऐकतात. मराठी पडद्यावर त्या काळी ऐकणारी माणसं फार थोडी होती. बहुतेक जण आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभे असत, आणि ते तोंडावर दिसे.

'सांगत्ये ऐका' हा खरं तर हंसाबाई वाडकरांचा चित्रपट. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'पासून तमाशातली बाई पडद्यावर उभी करावी ती हंसाबाईंनीच. पुढे १९७० साली त्यांनी आत्मचरित्राला नावही तेच दिलं, आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' काढला. अनंत मानेंनी या दोघींना एकाच चित्रपटात आणलं. हंसाबाई मागच्या पिढीच्या, ही पोर पुढच्या पिढीची. हंसाबाईंच्या डोळ्यांत जो जाळ आहे तो जयश्रीबाईंच्यात नाही. हे मान्य करायला मला वाईट वाटतं, पण समीक्षा म्हटली की थोडं वाईट वाटून घ्यावं लागतं. हंसाबाई उभ्या राहिल्या की या बाईने आयुष्य पाहिलंय असं वाटतं. जयश्रीबाई उभ्या राहिल्या की ही मुलगी वेळेवर घरी जाणार असं वाटतं.

आणि हाच त्यांच्या तमाशाच्या भूमिकांतला खरा दोष. पुढे 'वैजयंता', 'सवाल माझा ऐका' असे एकावर एक तमाशापट आले. त्यांत त्यांची लावणी सुरेख, पाय स्वच्छ, मान रेखीव. पण फडातली धूळ त्या लुगड्याला लागत नाही. लीला गांधी नाचल्या की बोर्डाची फळी हलते आणि आपण बसलोय ती सतरंजीही. जयश्रीबाई नाचतात तेव्हा फळी हलत नाही, प्रेक्षकच हळूच पुढे सरकतो. आमच्याकडच्या एका जुन्या ढोलकीवाल्याला मी त्यांच्याबद्दल विचारलं होतं. त्याने पान लावून झाल्यावर सांगितलं, "बाई चांगली हाय. पर तिला उपाशी नाचाया कोनी लावलं नसंल." या एका वाक्यापुढे माझी पाच पानं व्यर्थ आहेत हे मला कळतं, पण मानधन पानावर मिळतं.

यात बाईंचा दोष किती आणि लिहिणाऱ्यांचा किती? सिनेमातली तमाशातली मुलगी शेवटच्या रिळात बहुधा चांगल्या घरची निघते किंवा चांगल्या घरी जाते. पाटलाचा मुलगा फेटा सावरत येतो, थोरली माणसं डोळे पुसतात, आणि पब्लिक चपला शोधायला लागतं. खऱ्या फडात शेवटचं रीळ असं नसे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पदक मिळालं. खेळ चालू असताना आत जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. त्याच विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या. त्यांच्या नावाचा पुरस्कार आता सरकार देतं. जयश्रीबाईंच्या रूपाने आपण तमाशातल्या बाईवर भरपूर प्रेम केलं, हे खरं. ती तमाशातली नाही याची खात्री असल्यामुळेच ते इतकं मोकळेपणाने करता आलं, हेही खरं. निम्म्या तिकिटाची सवय आप्पांनाच होती असं नाही.

आता जरा गावाकडे येतो. या सिनेमातलं खेडं नेहमी कोल्हापूरकडचं. हिरवागार ऊस, भरलेली विहीर, तुकतुकीत बैल. आमच्या लोकांना ते परदेशासारखं वाटे. फरक एवढाच, की त्या परदेशात आमचे लोक दर साल ऊस तोडायला जात. दसरा-दिवाळी झाली की बैलगाड्या निघत, त्या उन्हाळा लागल्यावर परत येत. आमच्या भावकीतले एक तात्या असेच तोडीला गेले असताना कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ बाहेरून बघून आले. कुंपणाच्या फटीतून त्यांना एक सबंध वाडा दिसला होता. "लई भारी वाडा," ते सांगत, "पर नुसता पुढूनच. मागून बघावं तर बांबूच बांबू." म्हणजे पडद्याप्रमाणे वाडाही मागून बघणारी आमची परंपरा.

त्याच भालजींचा 'साधी माणसं' (१९६५). हा मात्र आमच्या जत्रेत आला तेव्हा आजीने स्वतः गाडी जुंपायला लावली. नाव सोज्वळ, लोहाराच्या संसाराची गोष्ट, आणि जाहिरातीत नऊवारी लुगडं. ही बाई तीच आहे हे आजीला कुणी सांगितलं नाही. आम्हां दोघा भावंडांत तसा करारच झाला होता. बायकांची जागा पडद्याच्या पुढच्या बाजूला, कनातीपलीकडे. त्यामुळे त्या दिवशी घरातल्या बायका पुढे आणि आप्पा व मी नेहमीप्रमाणे मागे, असा योग आला. मध्ये पडदा, आणि पडद्यावर भट्टीपुढे बसलेल्या जयश्रीबाई.

ते ऐरणीचं गाणं जगदीश खेबुडकरांचं, चाल 'आनंदघन' या नावाने लतादीदींची. गाण्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. मी फक्त बाईंबद्दल बोलतो. समोर सूर्यकांत, लोहार. हे म्हटलं तर नाचाचं गाणं नव्हे. पण घाव आणि सूर यांच्या मधोमध ती बाई ज्या लयीत बसली आहे ना, तिथे मला पहिल्यांदा नर्तकी दिसली. तमाशापटात ती नाचताना दिसते. इथे ती काम करताना दिसते, आणि सबंध अंग तालात असतं, तरी ताल दाखवावा असा विचारही चेहऱ्यावर नसतो. आमच्या गावात लोहाराची बायको भाता ओढताना आम्ही रोज बघत होतो. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे बघायला पोरं जमली. ती बिचारी घाबरून म्हणाली, "काय झालं रं? काय जळालं का?"

'मानिनी' (१९६१) मी फार उशिरा, बीडला शिकायला गेल्यावर पाहिला, आणि तोही पुढच्या बाजूने. तेव्हा बाई उजव्या हाताने वागतात हे पाहून मी दचकलो. गरिबाघरी नांदणारी, माहेरचा अपमान गिळणारी लेक. या चित्रपटात बहिणाबाईंची कविता आहे आणि जयश्रीबाईंची पाठ आहे. हसू नका. अपमान झाल्यावर पाठ फिरवून चालत जायचं असतं तेव्हा बहुतेक नट्या पाठीनेही रडतात. ही सरळ चालते. नाचणाऱ्या बाईला पाठीचा कणा कसा धरायचा हे शिकवावं लागत नाही. माझ्या मते त्यांचं सर्वांत चांगलं काम हेच. सुमारे अडीचशे चित्रपट त्यांनी केले. त्यांतल्या पुष्कळांत सासूचा छळ, देवीचा साक्षात्कार आणि डोळ्यांना पदर एवढंच सामान आहे. त्यांचा मी विचार करणार नाही. रोज पुरणपोळी करणाऱ्या बाईच्या हातून एखादी फुटायचीच. इथे जरा जास्त फुटल्या.

आमच्या शाळेत एकदा गॅदरिंग ठरलं. आक्काचं नाव नाचात घातलं. बुगडीचं नव्हे हो, शेतकऱ्याचं काहीतरी होतं, हातात टोपली घेऊन. तरी आप्पांनी नाव काढायला लावलं. आजी काही बोलली नाही, आई काही बोलली नाही, आणि मीही बोललो नाही. मी तर त्या नाचात बैल होतो. माझं नाव कुणी काढलं नाही. पुढच्या वर्षी आक्काची शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं, आणि ती केज तालुक्यात नांदायला गेली. लग्नात बेंडबाजावाल्यांनी तेच गाणं वाजवलं. आक्का पाटावर मान खाली घालून बसली होती. ढोल थांबला तेव्हा तिची बोटं थांबलेली मी पाहिली.

१९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. तोवर आमच्या घरी टीव्ही आला होता. रविवारी सकाळी अर्धं गाव ओसरीत. आजी फार थकली होती, पण आंघोळ करून पुढे बसे. टीव्हीला हळदकुंकू, उदबत्ती. दशरथ झाले होते बाळ धुरी आणि कौसल्या झाल्या होत्या जयश्री गडकर. खरेखुरे नवरा-बायको. राम वनवासाला निघाला त्या दिवशी आजीने पडद्यापुढे हात जोडले. आक्का माहेरी आलेली होती. तिला राहवलं नाही. ती आजीच्या कानाशी लागून म्हणाली, "आजे, ही तीच. बुगडीवाली."

मी श्वास धरून बसलो. वीस वर्षांचा करार मोडला होता.

आजी हात न सोडता म्हणाली, "मला काय आंधळी समजती? लोहाराच्या पिक्चरलाच वळखली व्हती."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी दोघं गप व्हते म्हनून मी बी गप व्हते," आजी म्हणाली. "आता सर बाजूला, राम चाललाय."

कौसल्येबद्दल समीक्षक म्हणून एवढंच नोंदवतो, की ती भूमिका लहान आहे आणि तिच्यात रडण्यापलीकडे करण्यासारखं थोडं आहे. पण त्या मालिकेत जिथे जो तो एकेक शब्द तोलून उच्चारतो, तिथे ही बाई मुकाट्याने एखाद्याकडे बघते, तेव्हा जरा बरं वाटतं. आईचं काम आईसारखं. पुढे लोक त्यांच्या पाया पडायला येऊ लागले म्हणतात. एके काळी घरातल्या पोरींना ज्या बाईची सावली नको होती तिच्या पायावर त्याच घरांतले लोक डोकं ठेवायला लागले. आणि बाई मधल्या काळात काही बदलली नव्हती. तेच नाक, तेच डोळे. २९ ऑगस्ट २००८ रोजी त्या गेल्या. 'अशी मी जयश्री' हे त्यांचं आत्मचरित्र आहे. जिज्ञासूंनी ते वाचावं. माझ्यापेक्षा त्यांना स्वतःबद्दल अधिक माहिती असणार.

आक्काने 'सांगत्ये ऐका' अखेरपर्यंत पाहिलाच नव्हता. आधी परवानगी नव्हती, मग वेळ नव्हता, मग ती विसरली असं आम्ही धरून चाललो. परवा मी केजला तिच्याकडे गेलो होतो. आता ती सत्तरीपलीकडे आहे, गुडघे गेलेत. नातवाने मोबाइलवर बुगडीचं गाणं काढून दिलं आणि तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. आक्काने चष्मा लावला. मी तिच्याकडे बघत होतो, ती बाईंकडे. गाणं संपेपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाली, "चांगलं केलंय."

मी म्हटलं, "चांगलं काय? अगं, महाराष्ट्र वेडा झाला होता याच्यावर!"

"आसंल. पर त्या दुसऱ्या कडव्याला मी येगळं करायची." तिने पुन्हा गाणं लावायला सांगितलं. नातवाने लावलं. तेवढ्यात सुनेने चहा आणला, तो तिने बाजूला ठेवायला सांगितला आणि डब्याला धरून हळूहळू उठली. "आन् तू तवा मान लई हलवून दाखवली व्हतीस रे," ती मला म्हणाली. "सरक जरा तिकडं. जागा लागती."